करंगळीतली टिकटिक

कडबाकुट्टीत सापडलेला हात म्हटला की सर्जन हात बघतो, मी भूल देणारी, मी आधी छाती आणि पोट विचारते. काका साठीचे. बिड्यांनी पोखरलेली छाती, ऑक्सिजन ९१, आणि अपघाताच्या जरा आधीच पिठलं-भाकरी जेवलेले. अशा माणसाला पूर्ण भूल देऊन श्वासाची नळी घातली, तर ती वेळेत निघेल याची खात्री नाही. मुलगा विनवत होता, "मॅडम, त्यांना काही कळता कामा नये, पूर्णच द्या." मी नाही म्हटलं. फक्त हात बधिर करायचा.

कॉलरबोनच्या वरून ब्लॉक, म्हणजे नसांभोवती बधिर करायचं इंजेक्शन, दिला की अख्खा हात झकास बधिर होतो. पण तिथे फुप्फुसाचं टोक सुईच्या वाटेवर असतं आणि श्वासपटलाची नस शेजारून जाते. ती काही तास लुळी पडली तरी धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. काकांना लागला असता. म्हणून काखेतून.

सोनोग्राफी हाताशी असली की हे काम देखणं होतं. काखेत धमनी धडधडताना दिसते, तिच्याभोवती हाताच्या नसा: मीडियन, अल्नर, रेडियल, आणि जरा लांब स्नायूत दडलेली मस्क्युलोक्युटेनियस. सुई येताना दिसते, औषध नसेभोवती पसरताना दिसतं. औषध कमी लागतं, ब्लॉक लवकर चढतो, रक्तवाहिनी टोचली जाण्याचं प्रमाणही घटतं. नसेला होणारी इजा मात्र सोनोग्राफीमुळे कमी झाल्याचं अजून ठामपणे दिसलेलं नाही, हे शहरातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. पडद्याशिवाय सुईच हातात धरणार नाही, असं त्यांतली एक मला म्हणाली होती. तिला तालुक्याच्या गावात एक पावसाळा काढायला लावायला हवा.

कारण सोनोग्राफीचं मशीन होतं. त्याच इमारतीत, तळमजल्यावर. पण ते सेंटर दुसऱ्या डॉक्टरांच्या नावावर, नोंदणी त्या जागेची, आणि चालवणाऱ्यांत माझं नाव नाही. वर ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं तर सील होण्याची भीती. गर्भलिंगनिदानाचा कायदा का आला ते मला पुरतं ठाऊक आहे. केंद्राने १९९४ मध्ये केला त्याच्या आधीच, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचा केला होता, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण काखेत प्रोब ठेवून कोणाचं लिंग कळतं, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगावं.

तेव्हा माझ्या पिशवीतला नर्व्ह स्टिम्युलेटर, नस विजेने छेडून शोधायचं छोटं मशीन. सुईच्या टोकातून सेकंदाला विजेचे दोन ठोके, सुरुवातीला करंट १ मिलिअँपिअर. नस जवळ आली की तिचा स्नायू उडतो. करंट कमी करत जायचं, ०.५ च्या आसपासही उडत राहिला तर जागा बरोबर. ०.२ च्या खालीही उडत असेल तर सुई मागे घ्यायची, टोक नसेत घुसलेलं असू शकतं.

आता गंमत अशी, की हे सगळं बोटं हलताना बघून करायचं. काकांच्या मनगटाच्या आतल्या बाजूचे सगळे टेंडन, म्हणजे स्नायूंपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या दोऱ्या, कापलेले, मीडियन आणि अल्नर या दोन्ही नसाही. स्नायू कितीही उडाला तरी दोरीच तुटलेली, बोट हलणार कसं? सुई घालण्याआधी मी टाचणीने एकेक बोट तपासून फाईलमध्ये लिहिलं: करंगळी, तर्जनी, मधलं बोट, स्पर्श नाही. हे लिहिलं नाही तर उद्या "भूल दिली आणि हात गेला" हे वाक्य माझ्या नावावर पडतं.

सिस्टरना कोपराखालच्या मांसावर पंजा ठेवून बसवलं. मीडियनला त्यांच्या हाताखाली मांस उडालं. रेडियल सोपी गेली, तिचे टेंडन शाबूत, मनगट छान वर उचललं गेलं. अल्नरला आतल्या बाजूला बारीक थरथर, सिस्टरना खात्री नव्हती. तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, करंगळीत टिकटिक होतंय."

तीच करंगळी, जिला दहा मिनिटांपूर्वी टाचणी कळत नव्हती. नस वरच्या भागात छेडली की मेंदू ते तिच्या टोकाशीच लावतो, मधे तुटलेली असली तरी. त्या टिकटिकीने माझी जागा पक्की झाली. सिरिंज थोडी ओढून, रक्त येत नाही बघून, थोडं थोडं औषध सोडत गेले. वजन ५० किलो, म्हणजे ब्युपिव्हाकेन, हे बधिर करायचं औषध, सगळं मिळून १०० मिलिग्रॅमच्या आत. ते रक्तात गेलं तर हृदय बंद पाडतं. त्यावरचा उतारा, २० टक्के लिपिड म्हणजे शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण, मी स्वतःच्या पैशाने घेऊन फिरते, कारण लहान हॉस्पिटलं ते ठेवत नाहीत. रक्त थांबवायला दंडावर आवळायच्या पट्ट्यासाठी, टूर्निकेसाठी, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली वेगळं इंजेक्शन. मग थांबणं. मिरजेहून आलेला प्लॅस्टिक सर्जन घड्याळ बघत होता. सर्जनना वाटतं भूल ही नळासारखी असते.

ब्लॉक उत्तम लागला, ऑपरेशन रात्री उशिरापर्यंत चाललं. पण ऑपरेशनचा कापडी पडदा लावायच्या आत काकांनी दाराशी उभ्या मुलाला ओरडून सांगितलं होतं, "करंगळी जागी झाली रे!" आणि मी सुई धरून होते, काही बोलले नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून, करंट न लावता, ब्लॉक दिला असता तर ही टिकटिक झालीच नसती.

शिवलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. करंगळीच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने सहज, आणि पोचेलच असं नाही. परवा सर्जनचा फोन आला. काका त्याच्याकडे हटून बसलेत: त्या मॅडमनी मशीन लावून करंगळी जागी केली होती, परत एकदा लावा. "तू काय सांगितलं होतंस त्यांना?" त्याने विचारलं.

काहीच नाही, हेच तर. गुरुवारी त्यांना बोलावलंय. मशीन बरोबर नेणार नाही.