केव्हिन ब्राउनलो : चित्रपट करणारा आणि चित्रपट शोधणारा

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा जुन्या, नव्याने जुळवलेल्या चित्रपटांचे खेळ मी शक्यतो चुकवत नाही. असे चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचतात त्यामागे ज्यांचे आयुष्य खर्ची पडले आहे, त्यांत १९३८ साली जन्मलेले ब्रिटिश दिग्दर्शक आणि इतिहासकार केव्हिन ब्राउनलो यांचे नाव मला सर्वांत आधी आठवते.

१९५४ साली, शाळकरी वयात, त्यांच्या हाती फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांच्या १९२७ सालच्या ‘नेपोलियन’ या मूकपटाची दोन रिळे आली. घरगुती प्रोजेक्टरवर चालणारी ती साडेनऊ मिलिमीटरची फीत होती. मूळ चित्रपट तोवर कापून, छाटून विस्कळीत झाला होता. त्याचे उरलेले तुकडे शोधण्याचा ध्यास ब्राउनलो यांना तेव्हा लागला, तो कायमचा.

दरम्यान, अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःचा चित्रपट सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ब्रिटन ताब्यात घेतले असते तर काय झाले असते, ही ‘इट हॅपन्ड हिअर’ची कल्पना. सहदिग्दर्शक अँड्र्यू मोलो त्यांच्याहूनही लहान होते. पैसा नाही, कलाकार बहुतेक हौशी, चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी. काम आठ वर्षे चालले. दिवसभराची नोकरी उरकून देवळाच्या उत्सवी नाटकाच्या तालमीला धावणाऱ्या आमच्या गोव्यातल्या नटमंडळींना ही जिद्द वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मात्र गणवेशावरचे चिन्हसुद्धा त्या काळाचेच हवे, याबाबत दोघांनी तडजोड केली नाही. खऱ्या ब्रिटिश फॅसिस्टांनाच त्यांनी पडद्यावर बोलू दिले. त्यावरून वाद झाला आणि वितरकांनी तो भाग कापला; पुढे तो पुन्हा जोडला गेला. द्वेष किती साध्या आवाजात बोलतो हे दाखवणारा तो प्रसंग मला चित्रपटाचा कणा वाटतो.

१९६८ साली आलेल्या ‘द परेड्स गॉन बाय’ या मूकपटांच्या काळावरील ग्रंथात त्यांनी ताऱ्यांबरोबर छायाचित्रकारांना आणि संकलकांनाही बोलते केले. हे काम दहा वर्षांनी करायचे ठरले असते, तर त्यांतले कितीतरी जण भेटलेच नसते. गोव्यातल्या उत्सवी नाटकांचे जुने पेटीवादक, रंगभूषाकार आणि पडदे रंगवणारे यांच्या आठवणी कोणीतरी आजच नोंदवून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

पुढे डेव्हिड गिल यांच्यासह केलेली ‘हॉलिवूड’ ही तेरा भागांची दूरचित्रवाणी मालिका १९८० साली आली. त्याच वर्षी लंडनमध्ये संगीतकार कार्ल डेव्हिस यांच्या वाद्यवृंदासह ‘नेपोलियन’ पुन्हा उभा राहिला. चित्रपटाच्या अखेरीस तीन प्रोजेक्टर एकाच वेळी तीन पडदे उजळतात, त्या भागासह. गान्स १९८१ साली गेले. म्हणजे हे पुनरुज्जीवन त्यांच्या हयातीतच झाले. २०१० साली ब्राउनलो यांना मानद ऑस्कर मिळाले.

या साऱ्यात दिग्दर्शक ब्राउनलो मागे पडले, याची मला खंत आहे. सतराव्या शतकात पडीक जमीन कसायला निघालेल्या इंग्रज गोरगरिबांवरचा ‘विन्स्टॅन्ली’ (१९७५) हा मोलो यांच्यासह केलेला त्यांचा दुसरा चित्रपट. त्यासाठी खरी जुनी चिलखते टॉवर ऑफ लंडनमधून आणली होती. त्यानंतर त्यांनी एकही कथापट केला नाही.