आजीचं नाव यादीत नाही

परवा दुपारपासून बर्फ, हायवे ठप्प, आणि साडेसहाच्या आत मुलाला आणायला बॉइज अँड गर्ल्स क्लबवर (इथे अमेरिकेत शाळा सुटल्यावर मुलं थांबतात ती जागा) पोचणं काही जमत नाही हे मला गाडीत बसतानाच कळलं. आई सध्या आमच्याकडेच आहे, म्हटलं दोन ब्लॉकवर तर आहे, कोट घाल आणि नातवाला घेऊन ये. दहा मिनिटांत तिचाच फोन, "अगं, हा मला आजी आजी करून बिलगलाय आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो न्यायला येणाऱ्यांच्या यादीत नाव नाही, सोडणार नाही!"

मी त्या पोराशी बोलले, अरे माझी सख्खी आई आहे ती. तो अगदी गोड आवाजात, फोनवर सांगून चालत नाही, तुम्हीच या. असा संताप आला ना! मला शाळेतून शेजारच्या काकू आणायच्या, कधी काकूंचा दीर, एकदा तर रिक्षावाल्या काकांची बायको, कुणी आयकार्ड विचारलं? इथे आईबाप वेगळे झालेले असतात, मूल कुठल्या वारी कुणाकडे ते कोर्टाने ठरवलेलं असतं, चुकीच्या हातात दिलं तर क्लबच्या गळ्याशी येतं, सगळं मान्य. पण आजी?

मुळात आपल्या इथल्या मंडळींत या क्लबचं नाव काढलं की नाकं मुरडतात, 'तिकडे कसली कसली मुलं येतात'. परवडत नाही म्हणून नाही हं टाकलं मी त्याला. शाळा तीनला सुटते, आम्ही दोघं सहाशिवाय मोकळे होत नाही, आणि कुमॉनची गणिताची शिकवणी ते रोबोटिक्सचा क्लास अशा फेऱ्या मारत पोराला मागच्या सीटवर वाढवायचं नव्हतं मला. क्लबात आधी गृहपाठ, मग टेबल टेनिस, बास्केटबॉल, नुसता दंगा, पहिलीतल्यापासून मिसरूड फुटलेल्यापर्यंत सगळे एका छपराखाली. चाळीचा चौकच की, फक्त हीटर लावलेला! आपल्याकडे हे फॉर्म न भरता व्हायचं. (मुलींना त्या चौकात किती वेळ थांबू द्यायचे ते सोडा.) इथे तरी काय, 1860 मध्ये आमच्या कनेक्टिकटमध्येच, हार्टफर्डला, रस्त्यावर उंडारणाऱ्या पोरांसाठी असा पहिला क्लब काढला तो तीन बायकांनी, आणि देशभरच्या संघटनेच्या नावात 'गर्ल्स' यायला 1990 उजाडलं.

सात वाजता भांडायच्या तयारीने आत शिरले, तर क्लब बंद करून तो पोरगा आणि अजून एक बाई नुसते आमच्यासाठी थांबलेले. आई कोट काढून, हॉट चॉकलेटचा कप बाजूला ठेवून दोघांशी पत्ते खेळत होती. उनो. "झब्बूच आहे गं हा, रंगीत," आणि जिंकतही होती. माझं भांडण घशातच राहिलं. वर त्या पोराने, जो मला रोज बघतो, माझंही लायसन्स मागितलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून आईचं नाव घातलं. आता ती पासपोर्ट बटव्यात घालून चारलाच तयार असते. साडेसहाला आणायचंय म्हटलं तर म्हणते, तोवर दोन डाव होतात.