दिवसा घरची, रात्री मुक्कामाची: इंदूरहून छोट्या कॅम्परची नोंद

गाडी ठरली. रेनो ट्रायबर, पेट्रोल, मॅन्युअल. माझा जीव मारुतीच्या ईकोवर होता आणि अजूनही आहे, म्हणून निर्णय कसा फिरला ते जरा सविस्तर लिहिते. छोटी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, शोधणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं शेवटी याच दोन नावांपाशी अडतं.

आधी गरज सांगते, कारण माप तिथूनच निघतं. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. दारात एकच गाडी मावते. सोमवार ते शनिवार तिनं शाळा, ऑफिस, सासूबाईंचा गुडघ्याचा व्यायाम आणि सियागंजातलं महिन्याचं सामान सांभाळायचं. सणावाराला देवासहून नणंदेचं कुटुंब आलं की सगळ्यांना घेऊन राजवाड्याकडे जायचं. आणि मोकळ्या शनिवारी त्याच गाडीत आम्हा दोघांना पाय पसरून झोपता आलं पाहिजे. फोर्सची ट्रॅव्हलर आमच्या शेजारी पीथमपुरातच बनते आणि तिच्यावर बांधलेल्या कॅम्पर फार सुरेख दिसतात. पण ती गाडी आमच्या गल्लीत वळवायची कुठे? तो विचार लवकर सोडला.

ईकोचं कौतुक केल्याशिवाय पुढे जाणार नाही. लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५, वळायला साडेचार मीटरची त्रिज्या. जुन्या शहराच्या बोळांत इतकी सोयीची चारचाकी आजच्या बाजारात मला दुसरी दिसत नाही. दरवाजा सरकता, त्यामुळे शेजारच्या स्कूटरला न लावता सासूबाई उतरू शकतात. आतला आकार सरळ खोक्यासारखा, आणि कॅम्परला हवा असतो तो हाच. ईको २०१० ची. तिचा सांगाडा मारुतीच्याच आधीच्या व्हर्साचा, आणि व्हर्सा सुझुकीच्या एव्हरी-कॅरी घराण्यातली. जपानमध्ये याच घराण्यातल्या ६६० सीसीच्या केई (तिथल्या सर्वांत छोट्या वर्गातल्या) व्हॅनमध्ये लोक पलंग, ओटा, दिवे असं सगळं बसवून महिनोन्महिने फिरतात. त्यांची कामं पाहूनच मला हा छंद लागला.

मग ट्रायबर का? पहिलं कारण सुरक्षेचं. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत ईकोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. ट्रायबरला २०२१ मध्ये प्रौढांसाठी ४ आणि मुलांसाठी ३ मिळाले. चाचणीतल्या ईकोत एअरबॅग नव्हती आणि आताच्या ईकोत आहे, हे मान्य. पण जी गाडी रोज मुलाला शाळेत सोडते आणि सुट्टीत ट्रकांच्या रांगेतून भेरूघाट उतरते, तिच्या बाबतीत मला हा फरक डोळ्याआड करता आला नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्यात त्यावर पुरेसं बोललं जात नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. ईकोत सपाट जागा हवी तर मागची सीट नट-बोल्ट खोलून काढावी लागते, आणि इथेच प्रश्न उभा राहतो. ट्रायबरच्या तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही सीट कंपनीनंच हातानं काढता-घालता येतील अशा बनवल्या आहेत. एकट्यानं उचलून माळ्यावर ठेवायच्या, नणंद येणार असली की पुन्हा बसवायच्या. सीट काढली की डिकी ६२५ लिटरची होते. कागदपत्रं, विमा, वॉरंटी, कशालाच हात लागत नाही. हे कळलं त्या दिवशी माझ्यासाठी निवड संपली.

त्यातूनच आमच्या कामाचा एकमेव नियम ठरला: मुक्कामाची प्रत्येक वस्तू गाडीच्या लेखी सामान असली पाहिजे. कुठेही भोक नाही, वेल्डिंग नाही, वायर तोडणं नाही. कल्पना जुनीच आहे. १९५१ च्या सुमारास जर्मनीत वेस्टफालियानं फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी काढती पेटी बनवली, आठवडाभर गाडी धंद्याला आणि सुट्टीत तीच मुक्कामाला. आज ज्या मोठ्या कॅम्परवर आपण फिदा होतो, त्यांची सुरुवात एका पेटीतून झाली याचा मला फार आधार वाटतो.

आता मापं. तिसरी रांग काढून, मधली पाडून, पुढच्या दोन्ही सीट पूर्ण पुढे सरकवून त्यांच्या पाठी झुकवल्या, की डिकीच्या दारापर्यंत माझ्या टेपवर पावणेसहा फूट भरतात. ह्यांची उंची ५ फूट ७ इंच, ते सरळ झोपतात. त्याहून उंच माणसानं शोरूममध्ये आडवं होऊन पाहावंच, संकोच करू नये. चाकांच्या कमानींच्या मध्ये रुंदी मीटरभरच आहे, पण फळी कमानींच्या वर घेतली की दोघांचे खांदे मावतात. उंचीची मात्र तडजोड आहे. फळीवर मोठ्या माणसाला ताठ बसता येत नाही. ईकोत हे सुख मिळालं असतं. आम्ही बसणं, खाणं, चहा सगळं बाहेर, उघड्या डिकीच्या दाराखाली ठरवलं आहे. ते दार पावसाची सर आली तरी छपराचं काम करतं.

फळीसाठी १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेतला. १८ चा घ्यायचा आग्रह सुतारमामांनी बराच धरला. पण ८ बाय ४ चं अखंड शीट १२ मध्ये साधारण २३ किलो भरतं आणि १८ मध्ये ३५ च्या आसपास जातं. ९९९ सीसी आणि ७२ अश्वशक्तीच्या इंजिनाला घाटात तो फरक जाणवतो, आणि मला फळी एकटीनं उचलायची आहे. म्हणून तीन तुकडे, मध्ये लांब बिजागऱ्या आणि खाली अॅल्युमिनियमचे पाय. पुढच्या सीटमागे जी पोकळी राहते तिथे दुमडता तुकडा येतो, त्याचा पाय थेट मधल्या रांगेच्या पायठेवणीत टेकतो. वर तीन घड्यांची फोमची गादी, रेक्झिनऐवजी सुती खोळ. रेक्झिनवर मालव्यातल्या एप्रिलमध्ये झोपून पाहा म्हणजे कळेल.

मागची पेटी म्हणजे स्वयंपाकघर. टेलिस्कोपिक चॅनलवर बाहेर ओढायची, त्यात छोटी गॅस शेगडी, दोन पातेली, चहाचा डबा, पोहे आणि त्यावर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची बाटली. जिरावनाशिवाय इंदूरचं घर गाव सोडत नाही. शेगडी पेटणार ती फक्त बाहेर, गाडीच्या आत कधीच नाही. प्रवासात मधली रांग उभीच ठेवायची आणि पेटी तिच्या पाठीला रॅचेट पट्ट्यानं आवळायची. धडक बसली की वीस किलोची सुटी पेटी आपल्या वजनाच्या कित्येक पट जोरानं पुढे येते. गादी विसरली तर रात्र अवघड जाईल, पट्टा विसरून चालणारच नाही.

विजेचा हिशोब थोडक्यात. १५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १२० वॅट-तास. दिवा आणि दोन फोन धरून रात्रीला २०० पुरतात. फ्रिज घेतला नाही, आइसबॉक्स चालतो. त्यामुळे १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि तिचं वायरिंग टाळून ५०० वॅट-तासांचा उचलता येणारा पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेटसकट बॅटरीचा तयार डबा, घेतला. १२ व्होल्टच्या सॉकेटमधून त्याला साधारण १०० वॅट मिळतात, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या मांडूला पोचेपर्यंत रात्रीची सोय झालेली असते.

मांडूच का, हेही सांगते. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणं जिवावर बेतू शकतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही. एसी नाही म्हटल्यावर गारवा उंचीतूनच मिळवायचा. इंदूर साधारण ५५० मीटरवर, मांडू ६०० च्या वर, आणि विंध्य उतरून नर्मदेकाठी महेश्वरला गेलं की आपण दीडशेच्या आसपास येतो. निमाडात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. म्हणून आमचा बेत असा: पहाटे महेश्वरचे घाट, दुपारच्या आत वर चढायचं आणि मुक्काम पठारावर. शब-ए-मालवाची, म्हणजे मालव्यातल्या रात्रीची, ख्याती उगाच नाही. पार्किंगसाठी पर्यटन निवासात किंवा धर्मशाळेत आधी विचारून, पावती फाडूनच थांबतो. स्वच्छतागृह आणि राखण दोन्ही मिळतं, सासूबाईही घरी निश्चिंत असतात.

पुढचं काम जाळीचं. मागच्या दोन्ही दारांवर मोज्यासारखी चढणारी जाळी शिवून झाली आहे. रेन व्हायझर असल्यामुळे पावसातही काच इंचभर खाली राहते, म्हणजे सकाळी काचा आतून घामेजत नाहीत. डिकीच्या दाराचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. वाऱ्यासाठी ते चार बोटं उघडं हवं आणि तरी बाहेरून कुणाला उघडता येऊ नये. कुणी लॅचमध्ये अडकवायचा आकडा बनवला असेल तर त्याची जाडी आणि लांबी जरूर कळवा, इथल्या लेथवाल्याकडून तसाच कापून घेईन. डिकीच्या जाळीला चुंबक की वेल्क्रो, यावरही ज्यांनी पावसाळा काढलाय त्यांचं मत हवं आहे.