जवारीपासून गिटारपर्यंत: आमची वाटचाल

आमचं वाद्यांचं दुकान वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. पाटी गुजरातीत, हिशोबाची वही मराठीत आणि गिऱ्हाइकाशी बोलणं त्याच्या तोंडी जी भाषा असेल तीत. आजोबांच्या वेळी इथे विक्री जवळजवळ नव्हतीच. तबल्याला पुडी चढवायची, पेटीचा भाता बदलायचा, तंबोऱ्याची जवारी काढायची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून आवाज गुंजता करायचा, असा सगळा दुरुस्तीचा धंदा. ही जागा धरली ती सूरसागरजवळच्या गायनशाळेमुळे. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली ती शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली, आज ती परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. जिथे वाद्यं रोज वाजतात तिथे ती रोज बिघडतातही. आमच्या घराचं पोट त्यावरच चाललं.

बाबांचा हात जवारीवर बसलेला. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा बारीक कानशीने किंचित उतरता करायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा आणि पुन्हा घासायचं. घाई केली की घोडी वाया जाते आणि नवी बसवावी लागते. बाबा हे काम दुपारी करत, रस्त्यावरची वर्दळ कमी असे तेव्हा. त्या वेळी दुकानात कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही, मग तो उस्ताद असो की उधारीवाला.

गिटार आमच्याकडे आली ती आडवी. साठ-सत्तरच्या दशकात हवाइयन गिटारचं वेड होतं. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी दांडी धरून ती तारेवर सरकवायची. व्हॅन शिपले, हजारासिंग यांनी याच वाद्यावर सिनेमातल्या चाली वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तर ते रागदारीत आणलं. या गिटारच्या तारा मुद्दामच फळीपासून उंच उचललेल्या असतात, कारण दांडी फ्रेटवर, म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटता कामा नये. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मी दुकानात बसू लागलो तोवर काळ उभ्या, म्हणजे स्पॅनिश गिटारचा झाला होता. कॉलेजातली पोरं यायची, भिंतीवरची सगळ्यात चकचकीत गिटार उतरवायला सांगायची आणि भाव करायची, ‘काका, कंईक ओछुं करो ने.’ आम्ही कोलकात्याहून माल मागवायला लागलो. विक्री बरी होती. पण एक गोष्ट बाबांना खटकायची. पेटी घेऊन गेलेलं गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांनी सूर मिळवायला परत येतं. गिटार घेऊन गेलेलं पोरगं मात्र तार बदलायलासुद्धा येत नाही. याचा अर्थ ते वाजवत नाही.

एकदा एका बाईंनी मुलाची गिटार परत आणली. ‘त्याला जमत नाही, बोटं दुखतात, विकून टाका,’ म्हणाल्या. बाबांनी ती मांडीवर घेतली, पहिल्या फ्रेटवर तार दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग बाराव्या फ्रेटपाशी फुटपट्टी लावली. जाड तार फ्रेटपासून चार मिलिमीटरच्या वर होती. ‘पोराचा दोष नाही, ही दाबायला पैलवान पाहिजे,’ म्हणाले आणि ब्रिजवरची, म्हणजे गिटारच्या घोडीवरची, पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, उपसून कानस हातात घेतली. तंबोऱ्याच्या घोडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते नवीन नव्हतंच. पोरगं आठवड्याभरात दुकानात हजर, तारांचा नवा संच मागायला.

त्यानंतर दुकानाचा नियम झाला तो आजतागायत आहे: बसवल्याशिवाय गिटार दुकानाबाहेर जात नाही. भाव कितीही करा, हे काम त्यातून वगळलं जात नाही.

बसवणं म्हणजे काय ते सांगतो, कारण पहिली गिटार निवडताना कंपनीच्या नावापेक्षा हेच जास्त उपयोगी पडतं. आधी नेक, म्हणजे गिटारची लांब मान, पाहायची. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबली की सातव्या फ्रेटपाशी बारीकशी फट दिसली पाहिजे, पाव मिलिमीटरच्या आसपास. फट जास्त असेल तर नेकच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे पोलादी सळई, पान्याने जरासा आवळायचा. ज्या गिटारला ट्रस रॉडच नाही, ती पोलादी तारांची गिटार घेऊ नका. नेक वाकली तर मग आमच्याकडेही उपाय उरत नाही. दुसरी तपासणी नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिची: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली कागद जाईल एवढीच जागा ठेवायची. स्वस्तातल्या गिटारमध्ये नटची खाच उथळ ठेवलेली असते, त्यामुळे सुरुवातीचे कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून वाजवायचे सूर, सगळ्यात जास्त दुखतात. म्हणजे ज्या फ्रेटवर शिकणारा पहिले सहा महिने घालवणार, तिथेच त्रास. सगळ्यात शेवटी सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोनच्या आसपास आली की नवशिक्याचा हात चालतो. सॅडल एक मिलिमीटर घासली तर बाराव्या फ्रेटवर तार अर्ध्या मिलिमीटरनेच उतरते, हे ध्यानात ठेवून घासावं लागतं. घरी कोणी हे करायला जाऊ नये, पण दुकानात जाताना खिशात छोटी स्टीलची पट्टी जरूर ठेवा. दुकानदार चपापला तर तेवढ्यानेच बरंच कळतं.

आता ती हवाइयनची गोष्ट. अधूनमधून एखादी नात आजोबांची गिटार घेऊन येते, ‘घरातलीच आहे, नवी कशाला घ्यायची?’ बघायला जावं तर नटवर लोखंडी उंच पट्टी चढवलेली आणि तारा बोटभर वर. ती पट्टी काढून साधा नट बसवला, तारा बदलल्या, नेक सरळ असली तर ती उत्तम गिटार होते. जुनं लाकूड, वजनाला हलकं, आवाज मोकळा. अशा वेळी आमची विक्री बुडते, पण ते काम मला मनापासून आवडतं. नेक वाकलेली असेल तर मात्र स्पष्ट सांगतो, ही शोकेसमध्ये ठेवा.

नायलॉन की पोलादी तारा, हा प्रश्न रोजचा. शिकणाऱ्याला सिनेमाची गाणी, कॉर्ड धरून म्हणायची असतील तर पोलादी. बोटांनी सुटे सूर वाजवायचे असतील, किंवा लहान मूल असेल, तर नायलॉन बरी. बोटांना मऊ, पण तिची नेक रुंद. यामाहाची नायलॉनची सी ४० नटपाशी ५२ मिलिमीटर रुंद आहे, तर पोलादी तारांची एफ ३१० साधारण ४३. शिवाय एफ ३१०ची तारेची लांबी ६३४ मिलिमीटर, इतरांपेक्षा थोडी कमी. म्हणून छोट्या हाताच्या लोकांना आम्ही ती आधी धरायला देतो. पण एक गोष्ट बजावून सांगतो: नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची असलेल्या पोलादी संचाचा ताण ७० किलोच्या पुढे जातो, नायलॉनचा ४०च्या आसपास. ब्रिज उखडून हातात येतो, आणि असे ब्रिज आमच्या कपाटात डबाभर पडलेत.

आकाराचंही तसंच. मोठ्या पोटाची, ४१ इंची गिटार भिंतीवर रुबाबदार दिसते, पण खुर्चीत बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या काखेत ती मावत नाही. मग खांदा वर जातो आणि मनगट वाकडं होतं. आम्ही गिऱ्हाइकाला आधी बसवतो, गिटार मांडीवर देतो आणि दोन मिनिटं काहीच बोलत नाही. वाजवता येत नसलं तरी धरता येतं की नाही ते तेवढ्यात दिसतं. पालक मात्र ‘मोठी घ्या, वाढत्या अंगाची’ म्हणतात, जणू शाळेचा गणवेश घ्यायला आले आहेत.

लाकडाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळीकडे सांगतात की टॉप, म्हणजे पोटाची पुढची फळी, अखंड लाकडाचा घ्या. आवाज चांगला होतो हे खरं. पण आपल्या वडोदऱ्याची हवा पाहा: मे महिन्यात पारा ४३ला टेकतो, हवा कोरडी, फ्रेटची टोकं कडेने बोचायला लागतात. ऑगस्टमध्ये तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं, टॉप वर येतो आणि तारा चढतात. पहिल्या गिटारला प्लायचा टॉप असलेला बरा, तो हवामान सोसतो. अखंड लाकडाची गिटार दुसऱ्या वेळी घ्या, तोवर तुम्हाला ती सांभाळायची सवय झालेली असेल. आवाज स्पीकरला जोडण्यासाठी गिटारमध्ये बसवलेलं पिकअप आणि प्री-अँप पहिल्या वेळी नकोच. त्यात गेलेले पैसे लाकडातून काढलेले असतात. सूर मिळवायचा ट्यूनर मोबाइलवर मिळतो. आजच्या भावाने सहा ते दहा हजारांत चांगली पहिली गिटार मिळते, त्याखाली फार जपून घ्यावी.

त्याखालचा माल ऑनलाइन आला तेव्हा आमच्या विक्रीला फटका बसला. गिऱ्हाईक दुकानात धरून पाहायचं, फोटो काढायचं आणि घरी जाऊन मागवायचं. राग यायचा, खोटं का बोला. पण मग तीच गिटार खोक्यासकट दुकानात यायला लागली: तारा उंच, नट कच्चा, एखादा फ्रेट सुटलेला. आम्ही बसवण्याचे पैसे वेगळे घ्यायला लागलो आणि कुठून घेतली हे विचारणं बंद केलं. २०२०मध्ये सगळे घरी बसले तेव्हा कित्येकांनी गिटार मागवल्या, पुढचं वर्षभर आमच्या कानशी थंड झाल्या नाहीत. आजोबांचा धंदा दुरुस्तीचा, मधे आम्ही विक्रीवाले झालो, आता जमेला पाहिलं तर पुन्हा दुरुस्तीच मोठी आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला. समा, अकोटा, फतेहगंज, मुंजमहुडा इथल्या घरांत पाणी शिरलं आणि ते ओसरल्यावर आमच्या ओट्यावर गिटारची रांग लागली. काहींचा टॉप पापुद्र्यासारखा सुटलेला, काहींचे कडेचे जोड उघडलेले, आत चिखल. लोक त्या उन्हात वाळवून आणत, आणि त्यातच जास्त नुकसान होई. भिजलेली गिटार तारा सैल करून सावलीत, पंख्यापासून दूर, आठवडाभर आडवी ठेवायची, एवढंच घरी करण्यासारखं आहे. चिकटवण्याचं काम नंतरचं. त्यातल्या निम्म्याही वाचल्या नाहीत. एक मुलगा मात्र अजून त्याच गिटारवर वाजवतो, पोटाच्या आत चिखलाची रेघ आहे, ती त्याने पुसू दिली नाही.

आता दुकानात मी आणि माझी मुलगी. गिटारचं काम तिचं. नटच्या खाचा ती माझ्यापेक्षा चांगल्या कापते. जवारी मी काढतो, दुपारीच. गिटार पाहायला यायचं तर सकाळी या, सोबत जो वाजवणार आहे त्याला आणा. त्याच्या वाढदिवसाला चकित करायचं असेल तर निदान त्याच्या हाताचा पंजा कागदावर आखून आणा. नवरात्रीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र येऊ नका. तेव्हा गरब्याचे ढोल आणि तबले ओट्यापर्यंत आलेले असतात आणि गिटार बसवायला दुकानात जागाच नसते.