तुम्ही विचारलंत म्हणून: निमॅटोड गांडुळाचा कोण लागतो?

मातीचे नमुने घेऊन येणाऱ्या डाळिंबवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, गांडूळ सोडा म्हणता आणि निमॅटोड मारा म्हणता. दोघं एकाच जातीचे ना? एक मोठा, एक बारका?" गेल्या आठवड्यात सांगोल्याकडच्या एका काकांनी पुन्हा विचारलं, मागे दोघं-तिघं कान देऊन उभे राहिले, म्हणून आता लिहूनच टाकते.

नाही. भाऊबंदसुद्धा नाहीत. निमॅटोड, म्हणजे आपला सूत्रकृमी, गांडुळापेक्षा झुरळाला आणि खेकड्याला जवळचा. हे ऐकून काका हसले. मी मात्र थट्टा करत नव्हते.

आम्ही मातीतून कृमी कसे काढतो ते बघा. काचेच्या नरसाळ्याला खाली रबरी नळी, नळीला चिमटा. वर जाळीवर टिश्यू पेपर, त्यावर मूठभर माती, आणि मातीला टेकेल इतकं पाणी. रात्रभर ठेवायचं. सकाळी चिमटा सैल केला की पहिल्या चमचाभर पाण्यातच कृमी येतात. रात्रीतून ते वळवळत पेपरातून खाली उतरतात आणि मग वर पोहता येत नाही म्हणून तळाशी जमतात. का येत नाही? अंगातले सगळे स्नायू लांबीच्या दिशेने. गांडुळाला अंगाभोवती कडं घालणारे स्नायूही असतात, त्यामुळे ते लांब होतं, आखूड होतं, सरकतं. सूत्रकृमी आतल्या पाण्याच्या दाबाने हवा भरलेल्या ट्यूबसारखा ताठ असतो, त्याला फक्त नागमोडी वळता येतं. मातीत कणांना रेटा देऊन तो पुढे जातो. नुसत्या पाण्यात रेटणार कशाला?

दुसरी खूण कातीची. सूत्रकृमी आयुष्यात चार वेळा कात टाकतो. झुरळ टाकतं, खेकडा टाकतो, गांडूळ कधीच नाही. जुने अभ्यासक अंगावरची वलयं बघून गांडूळ आणि कीटक एका गोतात बसवायचे, कारण दोघांचं अंग खंडाखंडांचं. १९९७ साली एका जनुकाची तुलना करून पाहिली आणि सोयरीकच फिरली. कात टाकणारे सगळे एका घरात आले. गांडूळ गेलं गोगलगाईच्या घरात.

'जंत' या शब्दाने तर फारच घोळ घातलाय. पोटातला लांब गोल जंत खरोखरच सूत्रकृमी. त्याची मादी वीतभर किंवा त्याहून लांब, दिवसाला २ लाखांच्या आसपास अंडी घालणारी. पायऱ्यांच्या विहिरींवरून पसरणारा नारू, ज्यातून देश मुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं, तोही सूत्रकृमीच. हत्तीरोगाचा कृमीही. पण पट्टकृमी, ज्याला आपण जंतच म्हणतो, तो चपट्या कृमींच्या वेगळ्याच खानदानातला. (एकाने मला विचारलं होतं, जंताच्या गोळ्या कुटून ड्रिपमधून सोडल्या तर? नका सोडू.)

काकांनी पिशवीतून डाळिंबाच्या पांढऱ्या मुळ्या काढल्या. जागोजागी गाठी. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी नखाने सुटतात. या सुटत नाहीत, कारण इथे मुळीच फुगलेली असते. सुईने एक गाठ उकलून दुर्बिणीखाली ठेवली. आत मोत्यासारखा पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्याहून लहान. ही सूत्रकृमीची मादी. मुळीत शिरताना ती ०.४ मिलिमीटरचा दोरा असते. आत एकदा बसली की हलत नाही, तोंडातली सुई पेशींत खुपसते, आणि झाड बिचारं तिच्यासाठी त्या पेशी फुगवत, भरवत बसतं. ती मडक्यासारखी होते आणि शेकडो अंडी एका चिकट गोळ्यात घालते. डाळिंबावर नेहमी सापडणाऱ्या जातीत तिला नराचीही गरज पडत नाही. बागेतली पानं पिवळी पडायला लागतात तोवर मुळांत तिच्या कितीतरी पिढ्या झालेल्या असतात. लोक वरून खत वाढवत राहतात, याचा मला खरोखर वैताग येतो. आधी एक मुळी उपटून बघा ना.

काका बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "हिला कृमी कोण म्हणेल?"

उठता उठता त्यांनी उसातल्या हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचा, विषय काढला. मी सांगितलं, त्यावर भुकटी मिळते, आणि भुकटीत सूत्रकृमीच असतात. हे मुळीला तोंड लावत नाहीत. ते हुमणीच्या अंगात शिरतात, स्वतःच्या आतड्यातले जिवाणू तिथे सोडतात, आणि मेलेली हुमणी विटकरी लाल होते.

"म्हणजे डाळिंबात पैसे घालून मारायचा आणि उसात पैसे घालून आणायचा?"

"हो, काका."

"आणि गांडूळ?"

"ते दोन्हीकडे राहू दे."