दोन महादेवांचे दोन गजानन

ऑफिसचं कुलूप काढायच्या आधीच बाहेरच्या बाकावर एक काका येऊन बसले होते. हातात पासबुक, नेमक्या पानात बोट घालून मिटलेलं.

"हे पाह्य बरं माय. माह्या खात्यात कोनाचे पैसे आले?"

पैसे कमी आले म्हणून भांडायला येणारे हंगामात रोज असतात. जास्त आले म्हणून सकाळी आठला हजर झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी कापूस घातला होता चौदा क्विंटल, जमा झाले होते तेवीस क्विंटलचे. मी चहा सांगितला आणि कॉम्प्युटर लावला. तो सुरू होईपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता. चूक कोणाची ते मला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी मीच ती मोठ्या हौसेनं केली होती.

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव-कळंबच्या कापूसपट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी काम करते. हुद्दा संगणक विभागप्रमुख, विभागात मी एकटी. एकच शेतकरी तीन खरेदी केंद्रांवर तीन तऱ्हांनी नोंदवलेला, त्याचा हिशेब जुळवता जुळवता दरवर्षी आमची दिवाळी जाते. म्हणून संचालकांनी यंदा मला मुंबईच्या एका परिषदेला पाठवलं. विषय मास्टर डेटा आणि डेटा गव्हर्नन्स. म्हणजे असं, की व्यवहार रोज नवे होतात, पण ज्यांच्याशी होतात ती माणसं, तो माल, ती गावं यांची यादी एकच असावी, धड असावी, आणि तिच्यात हात घालायचा हक्क कोणाला ते आधी ठरलेलं असावं. धामणगावला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसले तेव्हा वाटलं, एवढंसं तर शिकायचंय.

गार हॉल, गळ्यात पट्टा, बाहेर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची दुकानं. सदस्य किती, असं विचारायचे. आकडा सांगितला की समोरच्या पोराचं हसू अर्ध्यावर यायचं. दर दुसऱ्या भाषणात डामा या डेटा सांभाळणाऱ्यांच्या संस्थेचं एक चक्र पडद्यावर यायचं, मधोमध गव्हर्नन्स आणि भोवती दहा पाकळ्या. एका मोठ्या कारखान्याच्या माणसानं सांगितलं की त्यांच्याकडे एकच पुरवठादार चार स्पेलिंगांनी नोंदवलेला होता आणि एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, गोल्डन रेकॉर्ड. विखुरलेल्या नोंदी ताडून पाहायच्या, किती टक्के जुळतात ते मोजायचं, ठरवलेल्या आकड्याच्या वर गेल्या की एकत्र करायच्या. उरते ती सोन्याची नोंद.

मी एक प्रश्न विचारला. आमच्याकडे माणूस राहतो पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत. वावर असतं शेजारच्या रिठात. आधारवरचा पत्ता तिसऱ्याच गावाचा. मग त्याचं गाव कोणतं लिहायचं? वक्ते म्हणाले, जनगणनेचा गाव-कोड वापरा. मी म्हटलं, रिठात कोणी राहत नाही, पण महसुली गाव म्हणून त्याला कोड आहे. माणसं राहतात त्या पोडाला मात्र स्वतंत्र गावाचा दर्जाच नाही, कोड कुठून आणू? ते म्हणाले, छान प्रश्न आहे, नंतर बोलू. नंतर ते विमानतळावर गेले.

खऱ्या कामाची गोष्ट जेवणाच्या रांगेत मिळाली. एका बँकेतल्या बाई पुढे उभ्या होत्या. पापड घेता घेता म्हणाल्या, "नोंदी एकत्र करता येतात का, हे सगळे विचारतात. केलेल्या पुन्हा वेगळ्या करता येतात का, ते विचारत जा." मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या.

आणि परत आल्यावर वही पिशवीतच राहिली.

नियम मी असे केले होते. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, मोबाइल, या सगळ्यांचे मिळून गुण. नव्वदच्या वर गेले की आपोआप एकत्र, आणि बँक खातं जे सर्वांत अलीकडे नोंदवलं ते खरं. नावातले 'राव', 'जी', 'बाई' काढून टाकायचे, कारण काट्यावरचा लिहिणारा मूडप्रमाणे ते लावतो किंवा गाळतो. आधार क्रमांक साठवायचा नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे तोही आधार नव्हता. रात्री साडेअकराला बटण दाबलं. चारशेच्या वर दुहेरी नोंदी गेल्या. मी त्या रात्री फार छान झोपले.

आता पडद्यावर काकांची नोंद होती. गजानन, बापाचं नाव महादेव, जन्म 1 जून 1965. ती 1 जून पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. गावागावांतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस गुरुजींनी ठरवलेला असतो. शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं सहा वर्षांचं दिसतं, लाव 1 जून. मोबाइल नंबर पाहिला तर तो सेतूवाल्या पोराचा. ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही त्याच्या अर्जावर तो आपला नंबर टाकतो. आडनाव एकच, गावात त्या आडनावाची तीसेक घरं. गुण आले होते अठ्ठ्याण्णव. परिषदेतल्या कुठल्याही वक्त्यानं टाळी वाजवली असती.

तेवढ्यात काट्यावरचे मामा आत आले. तीस वर्षं याच पट्ट्यात कापूस मोजतात, आधी एका जिनिंगमध्ये, आता आमच्याकडे. पुढच्या वर्षी काम सोडणार आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"गजानन महादेव? कोनता? पाटलाचा, का लंगडा?"

बाकावरच्या काकांनी पाय थोडा आत घेतला.

"दोन आहेत?" मी विचारलं.

"दोन म्हंजे? त्याचा बाप महादेवराव पाटील. याचा बाप नुसता महादेव, माह्या संगं निंदाले जाये. तू त्या दोघाईले एक केलं काय?"

केलं होतं. 'राव' काढला आणि दोन बाप एक झाले. जो शब्द मी कचरा समजून झाडून टाकला, गावानं नेमका त्यातच फरक साठवून ठेवला होता. एकाला 'राव' लागायचा, दुसऱ्याला तो कोणी कधी लावलाच नव्हता. म्हणजे लिहिणारे मूडप्रमाणे लिहीत नव्हते.

दुसरे गजानन दुपारी मोटारसायकलवर आले. नऊ क्विंटलचे पैसे भलत्याच खात्यात गेल्याचं मी हात जोडून सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं. मग छापील पावती टेबलावर ठेवली आणि बापाच्या नावावर बोट टेकवलं.

"राव कोनं काढला?"

पैशांचं त्यांनी पुढे पंधरा मिनिटं नावही काढलं नाही. तोवर बाकावरच्या काकांनी खिशातून एक कागद काढला होता. बँकेची पैसे काढायची स्लिप, सकाळीच सेतूवाल्या पोराकडून भरून आणलेली, खाली अंगठा. "चाल गजू, बँक तीन वाजता देनंघेनं बंद करते," असं म्हणून उठले, आणि दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. मी पाहत राहिले.

नोंदी परत वेगळ्या करणं म्हणजे शिक्षा होती. एकत्र करताना जी नोंद गळते ती आमच्या सॉफ्टवेअरनं जपून ठेवलीच नव्हती, पुसून टाकली होती. दिवाळीच्या आधीची एक प्रत पेनड्राइव्हवर सापडली. त्यानंतरचं सगळं पावती पुस्तकांतून, कार्बनच्या निळ्या अक्षरांतून. मामा म्हणाले, 2017 साली सातबाऱ्याचं चावडी वाचन केलं होतं ना तलाठ्यानं, तसं कर. कल्पना मला पटली. पुढच्या पंधरवड्यात आम्ही गावोगाव मारुतीच्या पारावर बसून फक्त नावं वाचली. खातं नाही, वजन नाही, रक्कम नाही. चारशेतल्या एकोणीस जोड्या चुकीच्या निघाल्या. त्यातल्या दोन जावा होत्या, आणि त्यांचं हसणं थांबेना.

पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळी मी यादीत एक नवा रकाना काढला होता, 'गावातली ओळख'. मामा सांगत होते, मी टाइप करत होते. बुटका, भोंगा, चहावाला, सासुरवाडीचा. दोघं गजानन बँकेतून परत आले तेव्हा मामा म्हणत होते, "आनि हा आपला लंगडा." माझी बोटं 'लं'वर थांबली. हा रकाना पावतीवर छापला जाणार होता. परिषदेत एका वकिलानं 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर तासभर सांगितलं होतं, माहिती ज्याची त्याची संमती घ्या म्हणून. तेव्हा मला ते मोठ्या कंपन्यांचं दुखणं वाटलं होतं.

मी काकांकडे वळले. "काका, तुमची ओळख काय लिहू? तुम्ही सांगाल ते."

ते गप्प बसले. मामांकडे पाहिलं, पाटलांच्या गजाननकडे पाहिलं. या प्रश्नाची सवय नसावी.

"लिंबावाला लिव," ते म्हणाले. "माह्या धुऱ्यावर लिंब हाय मोठा."

"थो त मागच्या वावधनात पडला ना बे," पाटलांचे गजानन म्हणाले.

"पडला त पडला," काका म्हणाले. "लिव माय तू."

मी लिहिलं.