मुलाचा हायस्कूल डिप्लोमा कोणता आणि कधी: व्हर्जिनियातला माझा अनुभव

आपल्या डोक्यात दहावी-बारावीचं एकच सर्टिफिकेट असतं, त्यामुळे 'मुलाला कुठला डिप्लोमा हवाय' असं शाळेने विचारलं की आधी प्रश्नच कळत नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता वीस वर्षांचा झालाय, आम्ही अमेरिकेत नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो आणि या सगळ्यातून बऱ्यापैकी पार पडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मला हवं होतं तेव्हा मराठीत काही सापडलं नव्हतं.

इथे स्टँडर्ड डिप्लोमाला २२ क्रेडिट्स लागतात (वर्षभराचा एक कोर्स पास केला की साधारण एक क्रेडिट), इंग्लिश ४, मॅथ्स ३, सायन्स ३, हिस्टरी ३ वगैरे. त्यातली ५ व्हेरिफाइड हवीत, म्हणजे कोर्स तर पास व्हायचाच, शिवाय राज्याची एसओएल परीक्षा पण. ॲडव्हान्स्ड स्टडीज २६ क्रेडिट्सचा, तो आमच्या चर्चेत नव्हताच. आणि तिसरा अप्लाइड स्टडीज डिप्लोमा, हा फक्त आयईपी, म्हणजे स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलासाठी शाळा आणि पालक मिळून करतात तो लेखी आराखडा, असलेल्या मुलांसाठी, आयईपीमधल्या गोष्टी पूर्ण केल्या की मिळतो. नाव डिप्लोमा असलं तरी फेडरल कायदा त्याला रेग्युलर डिप्लोमा धरत नाही आणि कॉलेजची नेहमीची फेडरल आर्थिक मदत नुसत्या त्याच्यावर मिळत नाही.

व्हर्जिनियात चौदाव्या वर्षापासून आयईपीत ट्रान्झिशनचा, म्हणजे शाळेनंतरच्या आयुष्याच्या तयारीचा भाग येतो. आमची ती मीटिंग आठवीच्या शेवटी झाली. कागद समोर आला तेव्हा अप्लाइड स्टडीजच्या चौकोनात टिक आधीच होती. बोलणं सगळं गोड, त्याच्यावर ताण नको, तो आनंदात राहू दे. मला राग आला तो टिकचा नाही, दुसरा रस्ता कुणी सांगितलाच नाही याचा. मुलगा पाचवी-सहावीपासून नेहमीची एसओएल देत होता, वेळ वाढवून आणि वेगळ्या खोलीत बसून, पण देत होता. मग त्याला स्टँडर्ड का नको, असं मी विचारल्यावर क्रेडिट अकॉमोडेशन्स हा शब्द पहिल्यांदा बाहेर आला. म्हणजे स्टँडर्ड डिप्लोमाच, पण आयईपीवाल्या मुलांना तिथे पोचायला थोडी सोय, उदाहरणार्थ अल्जेब्रा-वन दोन वर्षांत दोन भागांत करता येतं. तेव्हा एसओएल ४००ला पास होती, पण ३७५ ते ३९९मध्ये अडकलेल्या मुलाला लोकल व्हेरिफाइड क्रेडिट, म्हणजे स्थानिक पातळीवर दिलेलं, मिळू शकायचं, आमच्याकडे सायन्समध्ये तेच झालं.

मी टिक बदलून घेतली आणि वाटलं झालं, सुटलो. खरा मुद्दा पुढे कळला, तोही मंडळाच्या गणपतीत एका मैत्रिणीकडून. तिच्या मुलीने अठराव्या वर्षी स्टँडर्ड डिप्लोमा घेतला, घरात पेढे वाटले आणि त्याच जूनमध्ये स्पीच थेरपी, जॉब कोच (कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारी व्यक्ती), शाळेची बस सगळं बंद. कारण स्पेशल एज्युकेशनचा हक्क आयडिया या फेडरल कायद्याने इथे बाविसाव्या वर्षापर्यंत मिळतो खरा, पण रेग्युलर डिप्लोमा हातात पडला की तो तिथेच संपतो. अप्लाइड स्टडीजने संपत नाही. आणि ऐका, व्हर्जिनियात सर्व्हिसेस थांबवायला पालकांची संमती लागते पण स्टँडर्ड डिप्लोमा देऊन बाहेर काढायचं असेल तर लागत नाही, फक्त लेखी नोटीस येते. हे मला शाळेतल्या कुणीही आपणहून सांगितलं नव्हतं.

माझ्या मुलाचं सांगते. समीकरणं सोडवतो, बिनचूक. दहावीत असताना रस्त्याच्या कामामुळे सिटी बसचा स्टॉप एक चौक पुढे सरकवला होता, तसा कागदही खांबाला चिकटवलेला, आणि हा जुन्या खांबापाशी उभाच. समोरून बस गेली, दुसरी गेली. त्याला शिकवलं होतं की बसमध्ये चढलास की आईला मेसेज कर. तो चढला नव्हता, म्हणून त्याने मेसेज केला नाही. त्या दिवशी नवऱ्याला आणि मला एकदमच पटलं की याला अल्जेब्रापेक्षा हे शिकायला जास्त वर्षं लागणारेत, आणि ती वर्षं कायद्याने त्याच्या हक्काची आहेत.

मग आम्ही ठरवलं की स्टँडर्डच घ्यायचा पण सावकाश घ्यायचा. इकॉनॉमिक्स अँड पर्सनल फायनान्सचा एक क्रेडिट सक्तीचा असतो, तो शेवटी ठेवायचा आणि मधल्या वर्षांत जॉब ट्रेनिंग, प्रवास, स्वयंपाक, पैशाचे व्यवहार. शाळेचं म्हणणं, तो चार वर्षांत करू शकतो मग ठेवायचा कशाला. वाद नाही घातला. ट्रान्झिशन असेसमेंट नव्याने करायला लावली, नोकरी आणि स्वतंत्र राहण्याची आयईपीतली उद्दिष्टं कुठपर्यंत आलीत ते कागदावर मागितलं, आणि नकार देणार असाल तर कारण लेखी द्या म्हटलं. प्रायर रिटन नोटीस म्हणतात त्याला, ती मागायचा आपल्याला हक्क आहे. लेखी मागितल्यावर सूर बदलला आणि पुढच्या मीटिंगमध्ये कोर्स पुढे ढकलण्याचं आयईपीत आलं.

सासूबाई सांगलीहून दर फोनला 'बारावी झाला का गं' विचारायच्या. बरोबरच्या मुलांच्या समारंभात त्याला गाऊन-टोपी घालून चालू दिलं, आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये डिप्लोमा न घेताही तसं करता येतं, तुमच्याकडे आधी विचारून घ्या. फोल्डर रिकामं होतं, त्याला त्याचं काही वाटलं नाही, फोटो मात्र त्याने स्वतः आजीला पाठवला.

हे वाचून अप्लाइड स्टडीज वाईट असं कृपा करून समजू नका. ज्या मुलांना जास्त आधार लागतो त्यांना एसओएलच्या मागे दमवण्यापेक्षा तो डिप्लोमा आणि बाविसाव्या वर्षापर्यंतची शाळा खूप चांगली. कॉलेजचं दारही पूर्ण बंद नसतं, फेअरफॅक्सच्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत अशा मुलांसाठी मेसन लाइफ प्रोग्रॅम आहे. आपली मंडळी नोकरीपायी राज्य बदलतात, तर न्यू जर्सी, टेक्सासला डिप्लोम्यांची नावं आणि वयाच्या अटी वेगळ्या निघतील, पण रेग्युलर डिप्लोमाने हक्क संपतो हे सगळीकडे तेच, कारण तो कायदा फेडरल आहे. आणि अठराव्या वाढदिवसाला आयईपीचे निर्णय मुलाकडे जातात, त्याची तयारी सतराव्यातच करा, आम्ही वकिलाकडून पॉवर ऑफ अटर्नी केली.

सध्या तो सकाळी एका ग्रोसरी स्टोअरमध्ये जॉब कोचबरोबर असतो, दह्याच्या डब्यांवरच्या तारखा बघून जुने पुढे लावतो, त्याच्या हातून एक डबा चुकत नाही. तिथे सिटी बसने जातो आणि बस आली नाही तरी आता मेसेज येतो. शेवटचा क्रेडिट पुढच्या वर्षी घेणार. इथे ३० सप्टेंबरला मूल २२चं झालेलं नसेल तर ते शालेय वर्ष मिळतं आणि याचा जन्म ऑक्टोबरचा, त्यामुळे गरज पडली तर आणखी एक वर्ष हातात आहे. राज्याच्या डार्स खात्यात, म्हणजे अपंगांना नोकरीसाठी मदत करतं ते, त्याची फाईल आम्ही आत्ताच उघडून ठेवलीये, डिप्लोमा मिळायची वाट बघितली नाही.